सवतीच्या घरच्या कपबशा

बेटाच्या दक्षिणेला, खडकांच्या रांगेपलीकडे, एक मालवाहू बोट तळाशी बसलेली आहे. ती कशी बुडाली हे बेटावर प्रत्येकाला ठाऊक आहे आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. एका घरात मात्र त्याची चौकशी कधी झाली नाही. त्या घरात बोटीला सवत म्हणत.

नाव आईने ठेवलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की नवरा पहाटे उठतो तो त्या बोटीसाठी, जेवताना बोलतो तो तिच्याबद्दल आणि संध्याकाळी परततो तो तिचा गंज सदऱ्याला लावून. "सवतीचे डाग धुणारी मी एकटीच असेन," असं ती दगडावर सदरा आपटत म्हणायची. बाबांचा धंदाच तो होता. पाहुण्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधायची, त्यांना खाली न्यायचं आणि बोट दाखवून सुखरूप वर आणायचं. आयुष्यात त्यांनी मचव्यापेक्षा मोठं काही हाकलं नव्हतं, तरी सगळं बेट त्यांना कप्तान म्हणायचं.

कप्तान गेले ते कोरड्या जमिनीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. न्हाव्याने धावत जाऊन डॉक्टरला आणलं. डॉक्टरने मान हलवल्यावर त्याने उरलेली अर्धी दाढीही करून दिली. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला तसंच पाठवणं त्याच्या जिवावर आलं.

त्यानंतर आई बदलली. ज्या माणसाच्या ओल्या टॉवेलावरून, घोरण्यावरून, पलंगावर सांडणाऱ्या वाळूवरून तिने अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्याविषयी तिच्या तोंडून आता वावगा शब्द निघेना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "देवमाणूस होता. कधी आवाज चढवला नाही, कधी खोटं बोलला नाही, कुणाच्या वस्तूला हात लावला नाही."

शेवटचं वाक्य आलं, की लेक पाणी प्यायला उठायची.

कारण कप्तानाने वस्तूंना हात लावला होता, आणि त्या वस्तू आईच्याच होत्या.

झालं होतं असं. बोटीतलं नेण्यासारखं सगळं बाबांच्या आधीच्या लोकांनी कधीच धुऊन नेलं होतं. उरला होता लोखंडी सांगाडा आणि मासे. पाहुणे वर येऊन म्हणायचे, "छान आहे, पण आत काहीच नाही हो." बाबांना हे लागायचं. मुलीला बघायला आलेल्यांनी नाक मुरडावं तसं. एके दिवशी त्यांनी घरातल्या बंद कपाटातली चिनी मातीची किटली उचलली आणि खाली नेऊन बोटीच्या भटारखान्यात फळीवर ठेवली. त्या दिवशीचे पाहुणे वर आले ते हर्षवायू झाल्यासारखे. मग किटलीला सोबत म्हणून कप गेले, कपांमागे बशा गेल्या. पाहुण्यांमध्ये हातचलाखी करणारेही असायचे. एखादा कप गुपचूप खिशात घालून, बुडालेल्या बोटीचा ऐवज म्हणून घरी न्यायचे. त्यामुळे फळी रिकामी पडायची आणि बाबांना पुन्हा घरच्या कपाटाकडे वळावं लागायचं. पुढे आईचं हाताने फिरवायचं शिवणयंत्रही गेलं. ते दुरुस्तीला दिलं होतं असं बाबा म्हणाले. वर्षभराने आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "बुडालं समज." ते आता भटारखान्याशेजारच्या खोलीत उभं होतं आणि पाहुणे त्याला तारयंत्र समजून फोटो काढायचे.

हे कपाट खास पाहुण्यांसाठी असल्यामुळे ते कधीच उघडलं जात नसे. उघडलं ते नेमकं आत्या चार दिवस राहून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आत्या ही बाबांची धाकटी बहीण. कपाट अर्धं रिकामं बघून आईने एक वाक्य म्हटलं, ते आत्यापर्यंत पोचलं, तिकडून दोन आली. बाबा आईबरोबर पलंगाखाली वाकून, कंदील धरून कपबशा शोधत राहिले. तेव्हापासून दोघी नणंद-भावजया एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या बेटावर हे सोपं काम नाही. तिथे बाजार एक, बस एक, आणि बसमध्ये सावलीची बाजूही एकच.

लेक बाबांच्या हाताखाली काम करू लागली तेव्हा पहिल्याच फेरीत तिने किटली ओळखली. मोडक्या कानाला आईने तांब्याची तार गुंडाळली होती, ती हिरवी पडली होती, पण होती. वर आल्यावर तिने नुसतं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "योग्य वेळ बघून मीच सांगणार आहे आईला." योग्य वेळ बघता बघता न्हाव्याची खुर्ची आली.

आता धंदा लेकीकडे आणि मचवा मामाकडे होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. पाण्यावर तो राजा होता, पाण्याखाली जायचं नाव काढलं की त्याचे कान दुखायचे.

एके दिवशी जेवताना आई म्हणाली, "मला खाली ने."

"कुठे खाली?"

"सवतीकडे. सगळी दुनिया येऊन मला सांगते, काय सुंदर जागा आहे ती. माणूस गेला, आता तिचं-माझं भांडण कसलं? एकदा घर बघून येते."

लेकीचा घास तोंडातच राहिला. "आई, तुला पोहता येत नाही."

"दगडाला तरी कुठे येतं? जातोच ना खाली?"

"या वयात डॉक्टर परवानगी देणार नाहीत."

डॉक्टरने आईला तपासलं, मग लेकीचा चेहरा बघून तिलाही तपासलं आणि म्हणाला, "यांना खुशाल न्या. धडधड तुमची जास्त आहे."

लेकीपुढे सरळ प्रश्न होता. आई खाली गेली की किटली बघणार. किटली बघितली की देवमाणूस संपला. आणि आईकडे सध्या त्या देवमाणसाशिवाय होतं काय? त्याच्यासाठी ती सकाळी उठत होती, वेणी घालत होती, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होती. तो काढून घ्यायचा, तोही चार कपबशांपायी, हे लेकीच्याने होणार नव्हतं.

"उचलून आण सगळं," मामा मचव्याचं इंजिन पुसता पुसता म्हणाला. "ताई येऊन गेली की परत नेऊन ठेव. तिला कळायचं नाही आणि गिऱ्हाइकालाही."

पुढच्या फेरीत, पाहुणे माशांच्या मागे लागले होते तेव्हा, लेक जाळीची पिशवी घेऊन भटारखान्यात शिरली. किटलीची चोच बाबा नेहमी उजवीकडे वळवून ठेवत, वरून येणारा उजेड तिच्यावर पडावा म्हणून. लेकीने हात लावला. किटली सहज हलली, फळीवर तिच्या बुडाएवढी स्वच्छ गोल जागा दिसली. लेक तिथेच थोडी थांबली. मग तिने किटली होती तशी, चोच उजवीकडे करून, परत ठेवली.

"शेवाळाने पक्की धरलीय," तिने वर येऊन मामाला सांगितलं. "सुटत नाही."

मामाने तिच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि ती घडी करून ठेवली.

तेव्हा दुसरा बेत ठरला. आईला बोटीच्या बाहेरून न्यायचं. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून सुरुवात, कडेकडेने शेपटापर्यंत, आणि वर. भटारखाना मधोमध होता. त्याचं छप्पर केव्हाच गळून पडलं होतं, पण चारही भिंती डोक्याएवढ्या उंच होत्या. बाहेरून जाणाऱ्याला आतलं काही दिसायचं कारण नव्हतं.

धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात आईचं शिक्षण सुरू झालं. रबरी पोशाख चढवायला लेक आणि मामाची बायको अशा दोघी लागल्या. "हे कपडे मी घालतेय की मला घालताहेत?" आई म्हणाली. नाकावरचा चष्मा तिला पसंत पडला, पायात चढवायचे पोहण्याचे रबरी पंख पसंत पडले नाहीत. खरी अडचण तोंडातल्या नळीची होती.

"हे तोंडात असताना बोलायचं कसं?"

"बोलायचं नाही, आई."

"किती वेळ?"

"वर येईपर्यंत."

मामा मचव्यावरून म्हणाला, "ताई, हे यंत्र घरी वापरायला मिळतं का, तेवढं विचारून ठेव."

"तुझ्या बायकोने मागितलंय का तुझ्यासाठी?" आई म्हणाली आणि नळी तोंडात धरून पाण्याखाली गेली. बुडबुडे बराच वेळ थांबले नाहीत. वाक्य बहुतेक खालीच पुरं झालं असावं.

हाताच्या खुणा तिने पटकन उचलल्या. अंगठा आणि बोट जुळवून केलेलं गोल म्हणजे सगळं ठीक. "हे तर जेवण चांगलं झालंय म्हणून करतात," ती म्हणाली. पंजा सपाट धरून डोलवला की काहीतरी बिघडलंय. हवेचा काटा तांबड्यात गेला की वर. आईने सगळं नीट पाठ केलं. लेकीला वाटलं, निभावेल.

समुद्र परातीत पाणी ठेवावं तसा स्वस्थ असलेला दिवस बघून तिघं निघाली. आई वर तरंगणाऱ्या बोयाच्या, म्हणजे खुणेच्या पिंपाच्या दोराला धरून लेकीबरोबर खाली उतरली, एका हाताने दोर, दुसऱ्या हाताने लेकीचं मनगट. खाली बोट दिसू लागली तसं तिने मनगट सोडलं. नाळेपाशी ती बराच वेळ नुसती तरंगत राहिली. लोखंडावर नारिंगी, जांभळी पोवळी वाढली होती आणि त्यांच्यातून पिवळ्या माशांचा थवा एकदम वळत होता. लेकीने विचारलं, ठीक? आईने गोल करून दाखवलं. मग दोघी कडेकडेने निघाल्या. लेक पुढे, आई मागे. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

लेकीने खोल पाण्याचा विचार केला होता, प्रवाहाचा केला होता, हवेचा आणि आईच्या कानांचा केला होता. एकच गोष्ट ती विसरली. आई जन्मात कुणाच्या घरी गेली, तर बैठकीत बसली नव्हती. नमस्कार-चमत्कार होताच ती सरळ स्वयंपाकघरात जायची, फळ्यांवरून नजर फिरवायची आणि त्या घरच्या बाईविषयी मत बनवून बाहेर यायची. आज तर ती खुद्द सवतीच्या घरी आली होती.

लेकीने वळून पाहिलं तेव्हा मागे आई नव्हती. भटारखान्याच्या भिंतीवरून दोन पिवळे पंख आत उतरत होते.

लेक जीव तोडून पोचली. आई फळीसमोर उभी होती, म्हणजे उभी राहिल्यासारखी तरंगत होती. तिने किटली हातात घेतली होती आणि अंगठ्याने कानावरची तार चाचपत होती. एक वेढा, दोन वेढे, आणि शेवटचं टोक आत खोचलेलं, ती खोचायची तसं. मग तिने एक कप उचलला. मग दुसरा. बुडबुड्यांचा एक जाड खांब तिच्या डोक्यावरून थेट आकाशाकडे निघाला.

लेकीने विचारलं, ठीक?

आईने तिच्याकडे वळून हाताचा पंजा हळूहळू वरखाली केला. ही खूण पाणबुड्यांच्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण लेक ती रांगत होती तेव्हापासून ओळखत होती. ‘घरी चल, मग बघते’ असा तिचा अर्थ.

रागाला हवा फार लागते. काटा बघता बघता खाली येत होता. लेकीने तो आईच्या नाकासमोर धरला, आईने तो बाजूला सारला आणि शेजारच्या खोलीचं दार गाठलं. तिथे शिवणयंत्र होतं. आईने चाकाला हात घातला. ते फिरणं शक्य नव्हतं, तरी ती दोनदा जोर लावून बघती झाली. मग हात तसाच चाकावर ठेवून ती जरा वेळ राहिली. बुडबुडे बारीक झाले. लेकीला तिचा चेहरा दिसत नव्हता.

निघायची वेळ झाली तेव्हा आई परत फळीकडे गेली. लेकीला वाटलं, ही आता सगळं उचलून नेणार. आईने तसं काही केलं नाही. तिने एकात एक घातलेले कप सोडवले, पालथे घातले, सगळ्यांचे कान एका बाजूला केले आणि बशा वेगळ्या रचल्या. राग आपल्या जागी, पण वाईट लावलेली फळी टाकून निघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

वर येताना मध्येच दोराला धरून थोडा वेळ थांबावं लागतं, अंगात मुरलेली हवा हळू सुटावी म्हणून. लेकीने इतक्या वर्षांत तो थांबा शेकडो वेळा घेतला होता, पण इतका लांब कधी वाटला नव्हता. वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या दोघी दोरावर लटकत होत्या. आई तिच्याकडे काचेतून एकटक बघत होती, तोंडात नळी, आणि बोलायचं सगळं डोळ्यांत गर्दी करून उभं.

मामाने हात देऊन आईला मचव्यावर घेतलं. "मग ताई, कशी आहे सवत?"

आईने नळी काढली. मामाकडे नीट पाहिलं. "ते शिवणयंत्र एकट्या माणसाला उचलायचं नाही," ती म्हणाली. "दुसरी बाजू कुणी धरली होती?"

मामा इंजिनाकडे वळला.

"मी तुला विचारतेय."

"ताई, भाऊजी म्हणाले उचल, मी उचललं. कुठे न्यायचंय ते मला मचव्यात बसल्यावर कळलं."

"आणि मग?"

"मग काय, अर्ध्या समुद्रात उतरून घरी चालत येऊ?"

आईने मोर्चा लेकीकडे वळवला. "तुला केव्हापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलीस."

"बाबा स्वतः सांगणार होते." लेक टाकीचा पट्टा सोडवू लागली. "आई, ते वाईट नव्हते. तू त्यांच्याबद्दल मनात काही..."

"मचवा पलीकडच्या किनाऱ्याला घे," आई मामाला म्हणाली.

पलीकडच्या किनाऱ्यावर आत्या राहायची. मामाने सुकाणू फिरवलं.

आत्या ओसरीवर उशीचे अभ्रे शिवत बसली होती. फाटकातून काळ्या रबरात गुंडाळलेली, केसांतून पाणी गळणारी बाई आत येताना बघून ती सुई हातात धरूनच उठली. चेहरा ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

"वन्सं," आई पायरीखालीच थांबून म्हणाली, "कपबशा सापडल्या."

आत्याने सुई अभ्र्यात खोचली. "कुठे?"

"तुमच्या भावाकडे."

"दादाकडे? दादा तर..."

"खाली. बोटीत. किटली, कप, बशा. दुकान मांडून ठेवलंय. माझं शिवणयंत्रसुद्धा."

आत्याने अभ्रा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी चोर नाही."

"नाही." आईने ओठ आवळले. हे वाक्य तिला टाकीपेक्षा जड जात होतं. "माझं चुकलं. तुम्हाला बोलायला नको होतं."

"इतक्या वर्षांनी आलात, वहिनी, आणि तेही अशा कपड्यांत."

"बदलायला घरी गेले असते, तर आले नसते."

आत्या बाजूला झाली. आई ओसरीवर चढली, फरशीवर पाण्याचं थारोळं करत बसली. लेक पायरीवर टेकली. मामा फाटकापाशीच थांबला, तिथून मचवा जवळ होता.

"वहिनी," आत्या जरा घुटमळत म्हणाली, "तिथे एखादं घड्याळ दिसलं का तुम्हाला? गोल, पितळेचं? मी तुमच्याकडे राहून गेले तेव्हापासून सापडत नाही. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"कपबशांच्या बदल्यात तुम्ही ठेवून घेतलंत."

आईने लेकीकडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं.

"बोटीवरच्या कप्तानाच्या खोलीत आहे," लेक म्हणाली. "भिंतीला. बोट बुडाली ती वेळ दाखवतं, असं बाबा सांगायचे."

"ते बंदच होतं," आत्या म्हणाली.

मग आईला कंठ फुटला. पाण्याखाली साठलेलं, दोरावर साठलेलं आणि बाबा गेल्यापासून साठलेलं असं सगळं एकदम बाहेर आलं. हा माणूस कंदील धरून पलंगाखाली शिरला होता माझ्याबरोबर. शिरला आणि वर मलाच म्हणाला, नीट आठव, तूच कुठेतरी ठेवलं असशील. याला लाज म्हणून नाही. याला बहिणीची पर्वा नाही, बायकोची नाही. ओला टॉवेल तर मरेपर्यंत पलंगावर टाकला यानं. आत्याने बैठक मारून घेतली आणि लहानपणापासून सुरुवात केली. दादाने तिची बाहुली शेजाऱ्याच्या मुलीला दाखवायला नेली ती नेली. दादाने वडिलांची छत्री शिडासाठी फाडली. आई म्हणाली, छत्री काय घेऊन बसलात, माझा पडदा? आत्या म्हणाली, पडदासुद्धा?

लेक ऐकत होती. महिनोन्महिने घरात एक शांत, सत्यवचनी, अनोळखी गृहस्थ राहायला आला होता, आणि ती त्याला सांभाळत होती. आज आई ज्याला फैलावर घेत होती, तो माणूस तिच्या ओळखीचा होता. तो आत्ता कुठेतरी टॉवेल टाकून, चोर पावलांनी मागच्या दाराने सटकत असेल असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले, म्हणून तिने मान खाली घालून पायातला रबरी मोजा काढायला घेतला.

"आणि घोरणं," ती खालमानेनेच म्हणाली. "तीन खोल्या ओलांडून ऐकू यायचं."

"तू मध्ये बोलू नकोस," आई म्हणाली. "तू त्याच्या बाजूची." पण ती सरकली आणि तिने लेकीला वर, आपल्याशेजारी जागा करून दिली. "सांग आता. नाळेपासून शेपटापर्यंत, एकूण एक. काय काय आहे खाली?"

लेकीने डोळे मिटून बोट डोळ्यांसमोर आणली.

"शिरल्याबरोबर डाव्या हाताला," ती म्हणाली, "एक किसणी आहे."

"कुणाची?" दोघींनी एकदम विचारलं.

फाटकापाशी मामा खाकरला. "ती आमच्याकडची," तो म्हणाला. "पण घरी बायकोला अजून ठाऊक नाही."